पॅरिसचा ऑर्गन, शहापूरचा सोपा

रविवारी दुपारी मटण-भात जेवून आडवं व्हायचं, हा आमच्या बेळगावच्या शहापुरातला अलिखित कायदा. तो मोडला भाच्याने, तोही पॅरिसमधून. "मामा, नोत्र दाम चर्चमधनं बोलालोय. प्रार्थना संपली, आता ऑर्गन जोरात वाजवतेत. ऐका!"

एकट्याने ऐकून सुटलो असतो. पण आक्काने "पोरगं पॅरिसहून दिसालंय" म्हणून गल्लीला हाळी दिली, आणि सोप्यात शेजारच्या कन्नड अज्जी, भजनी मंडळाचे टाळकरी आणि पेटीवाले आप्पा येऊन बसले. रामभाऊ विजापुऱ्यांनी ज्या बेळगावात हयातभर पेटी शिकवली, तिथल्या पेटीवाल्यापुढे पॅरिसची ऐट चालत नाही. त्यात हार्मोनियमही मुळात पॅरिसमध्येच दबँ नावाच्या माणसाने काढली, हे आप्पांना पाठ. ते वरमाईच्या थाटात बसले.

फोन धरायचं काम माझ्याकडे. त्या ऑर्गनला हवेने वाजणाऱ्या आठ हजारांच्या आसपास नळ्या, त्यात खर्जाची नळी ३२ फुटी. तिचा स्वर सेकंदाला जेमतेम १६ कंपनांचा, कानापेक्षा अंगालाच जास्त कळणारा. माझ्या फोनच्या बोटभर स्पीकरने तो खर्ज परस्पर गिळला आणि वरचं तेवढं बाहेर सोडलं.

"एनू केळसवल्दु," अज्जी म्हणाल्या. म्हणजे, काहीच ऐकू येईना.

"गिरणी सुरू झाली काय वो?" एका टाळकऱ्याने खिडकीतून बघितलं.

तिकडे भाचा भारावलेला. "मामा, छातीत नुसतं धडधडालंय!"

आक्काने एवढंच ऐकलं. "छातीत? डाव्या बाजूला काय? खाली बस आधी! पाणी पी!" तिने फोन हिसकावला. पुढचा सगळा वेळ पडद्यावर आक्काचा कान होता. खर्ज म्हणजे काय हे तिला समजावताना माझ्याच छातीत धडधडायला लागलं.

"ते देऊळ जळालं होतं न्हवं?" आप्पांनी विषय बदलला. जळालं होतं, एप्रिल २०१९ मध्ये. छप्पर गेलं, ऑर्गन वाचला. पण शिशाची धूळ आत बसली. नळ्या उतरवून साफ केल्या, आणि दिवसा बांधकामाचा दणदणाट म्हणून सूर रात्री लावले. डिसेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा वाजला. रात्रीच्या सुरांचं ऐकून आप्पा पहिल्यांदा खूश झाले. आमच्या गल्लीत दिवसा पेटीचे सूर लावून दाखवावेत कुणी!

"आणि भाता कोण मारतंय?"

"पूर्वी माणसं मारायची आप्पा, आता मोटर हाय."

"लाईट गेली तर?"

भाच्याकडे उत्तर नव्हतं. पॅरिसला राहून पोरगं हे विसरलंय.

"पट्ट्या किती?"

"एकावर एक पाच ओळी. खाली पायाने वाजवायची आणखी एक."

"वाजवालाय कोण?"

"एकटाच हाय."

आप्पांनी टाळकऱ्यांकडे बघितलं. "पाच पेट्या आणि माणूस एक? त्याला विचार, आमच्या मंडळातनं चौघं लावून देऊ काय म्हणून. जाण्यायेण्याचं तेवढं बघा म्हणावं."