भाकरी होतीच, अडले ते केकपाशी
ग्लुटेनमुक्त आहार (गहू, जव यांतले ग्लुटेन हे चिवट प्रथिन नसलेला) म्हणजे शहरातून मागवलेली महागडी पाकिटे, हा या विषयावरील तुमच्या लेखातील सूर सांगलीसारख्या शाळूच्या मुलखात राहणाऱ्या मला पटला नाही. मुलीला सिलिअ‍ॅक आजार (यात ग्लुटेन पोटात गेलेले चालत नाही) असल्याचे निदान झाल्यावर आम्ही सर्वांचेच रोजचे जेवण ज्वारी, बाजरी आणि तांदळावर आणले, आणि कोणाला काही सोडल्यासारखे वाटले नाही. खरी अडचण केकची होती. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसल्याने पहिल्या दोन केकचा भुगा झाला (तो दुधात कालवून खाल्ला, हा भाग वेगळा). पुढे दोन वाट्या ज्वारीच्या पिठात अर्धी वाटी तांदळाचे पीठ, दोन चमचे इसबगोल आणि दही घालून मिश्रण अर्धा तास मुरू दिले, तेव्हा कुठे सुरी लावण्याजोगा केक झाला.

लेखात न आलेली एक गोष्ट मात्र महत्त्वाची आहे. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, आणि ज्या गिरणीत आधी गहू दळला आहे तिथले ज्वारीचे पीठही निर्धोक राहत नाही. आपल्याकडील नियमानुसार ग्लुटेनमुक्त पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन चालत नाही. म्हणून आम्ही शेवटी घरघंटीच घेतली.