कुलूप ठीक, पण कधीपर्यंत?

दरवर्षी फुटबॉलचा नवा गेम पीसीवर आला की एक मजकूर नव्यानं फिरू लागतो. विषय असतो डेनुवो, म्हणजे गेम चोरून खेळता येऊ नये म्हणून त्याला घातलेलं सॉफ्टवेअरचं कुलूप. ते तोडलं की गेम 'क्रॅक' झाला म्हणतात. शब्द इकडचे तिकडे होतात, आशय ठरलेला असतो: "खेळांच्या गेमना डेनुवोची गरजच नाही. त्यामुळे गेम रडतखडत चालतो आणि क्रॅक केलेली कॉपी सुसाट पळते. शेवटी क्रॅक होतोच. चोरून खेळणाऱ्यांनी तसाही तो विकत घेतला नसता. कमाई सगळी ऑनलाइन मोडमधून होते, मग ऑफलाइन भागाला कुलूप कशाला? वर हे सॉफ्टवेअर विंडोजच्या कर्नलमध्ये घुसून बसतं. शिक्षा फक्त पैसे मोजणाऱ्याला."

मी करिअर मोड आणि मॅनेजर गेम खेळणारा माणूस आहे. डेनुवोचा पुळका यावा असं माझ्या बाबतीत काही घडलेलं नाही. तरी हा मजकूर वाचून चिडचिड होते. त्यातले बहुतेक मुद्दे अर्धे खरे आहेत, आणि कंपन्यांना खरोखर अडचणीत आणेल असा मुद्दा त्यात नाहीच.

आधी कर्नलचं, म्हणजे विंडोजच्या सगळ्यात आतल्या गाभ्याचं, उरकून टाकू. डेनुवोचं पायरसीविरोधी सॉफ्टवेअर कर्नलमध्ये चालत नाही. ते गेमच्या एक्झिक्युटेबल फाइलमध्येच विणलेलं असतं आणि गेम बंद केला की तेही बंद होतं. कर्नलमध्ये बसतं ते अँटी-चीट. त्याचं काम चोरी रोखण्याचं नसून ऑनलाइन सामन्यात लबाडी करणाऱ्याला पकडण्याचं आहे. फिफा गेम बनवणाऱ्या ईए कंपनीनं आपलं कर्नल पातळीवरचं अँटी-चीट २०२२ मध्ये फिफा २३ बरोबर आणलं, त्या गेमवर डेनुवोही होतं, आणि तिथून दोन्हींची खिचडी झाली. त्यात डेनुवोच्याच नावानं एक वेगळं अँटी-चीटही विकलं जातं. २०२० मध्ये ते डूम इटर्नलमध्ये घातलं आणि ओरड झाल्यावर काढावं लागलं. गल्लत समजण्यासारखी आहे, पण तक्रार करायची तर निदान योग्य दारात जाऊन करावी.

आता वेग. इथे मजकुराला थोडे गुण द्यावे लागतात. डेनुवो गेमच्या कोडमधले काही तुकडे गुंतागुंतीचे करून ठेवतं आणि ते चालवताना प्रोसेसरला जास्तीची मेहनत पडते. ती किती, हे तुकडे कुठे आहेत यावर ठरतं. मेनू उघडताना एकदा चालणाऱ्या कोडमध्ये असतील तर कुणाला कळणारही नाही. सामना चालू असताना पुन्हापुन्हा हाक मारल्या जाणाऱ्या कोडमध्ये असतील तर खेळ अडखळणारच. टेक्केन ७ मध्ये हेच झालं आणि त्याचे निर्माते कात्सुहिरो हारादा यांनी २०१८ मध्ये ते उघडपणे मान्य केलं. म्हणजे दोष कुलपाचा जितका, तितकाच ते कुठे ठोकलं त्याचाही.

"क्रॅक सुसाट पळतो" हे वाक्य मात्र प्रामुख्यानं २०२१ च्या रेझिडेंट ईव्हिल व्हिलेजवरून आलं आहे. तिथे क्रॅक केलेली कॉपी खरोखरच कमी अडखळत होती. पण तो क्रॅक करणाऱ्यांनीच बोट दाखवलं होतं ते गेमच्या कंपनीनं, कॅपकॉमनं, डेनुवोबरोबर घातलेल्या स्वतःच्या संरक्षणाकडे. कॅपकॉमनं पुढे पॅच देऊन वेग सुधारला, आणि तेव्हा डेनुवो गेममध्येच होतं. एका भयपटछाप गेमचा हा अनुभव सरसकट सगळ्या फुटबॉल, बास्केटबॉल आणि शर्यतीच्या गेमना लावणं म्हणजे एका सामन्यावरून अख्ख्या मोसमाचा निकाल सांगणं. तुमच्या पीसीवर एखादा गेम अडखळत असेल तर कारण डेनुवो असू शकतं, कन्सोलवरून पीसीवर आणतानाचं वाईट काम (पोर्ट) असू शकतं, दोन्हीही असू शकतात. मोजल्याशिवाय छातीठोकपणे सांगता येत नाही.

"शेवटी क्रॅक होतोच." हो, पुष्कळदा होतो. पण 'शेवटी' या शब्दातच सगळा व्यवहार दडलेला आहे. डेनुवो पहिल्यांदा आलं ते सप्टेंबर २०१४ मध्ये, फिफा १५ वर. खेळाचा गेम वर्षाला एक येतो, त्याचा बाजार सुरुवातीच्या आठवड्यांत तापतो आणि पुढच्या आवृत्तीची बातमी येईपर्यंत निवतो. कुलूप कायमचं टिकावं अशी अपेक्षा विकणाऱ्यालाही नसते, त्याला पाहिजे असतो वेळ. २०१४ ते २०२२ या काळातल्या, स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातल्या ८६ डेनुवो गेमचा एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. गेम अगदी सुरुवातीला क्रॅक झाला तर एकूण उत्पन्नात सरासरी २० टक्के घट दिसते आणि १२ आठवड्यांनंतर झाला तर घट जवळपास शून्य, असा त्याचा निष्कर्ष. कंपन्या विक्रीचे आकडे देत नाहीत, म्हणून यात स्टीमवरच्या नव्या रिव्ह्यूंवरून आणि खेळाडूंच्या संख्येवरून अंदाज बांधले आहेत. तेवढी ढिलाई धरूनही "कुलपाचा काही उपयोग नाही" हे म्हणणं टिकत नाही.

सगळ्यात जास्त टाळ्या मिळतात त्या "चोरणाऱ्यांनी तसाही घेतला नसता" या वाक्याला. गंमत म्हणजे हे जवळजवळ खरं आहे, आणि त्याचा सगळ्यात चांगला पुरावा एका गेम बनवणाऱ्यानंच दिला आहे.

फुटबॉल मॅनेजर २०१३ बाजारात आला नोव्हेंबर २०१२ मध्ये आणि क्रॅक झाला मे २०१३ मध्ये. क्रॅक करणाऱ्यांकडून एक चूक राहून गेली, त्यामुळे चोरीची कॉपी कुठल्या आयपी पत्त्यावरून चालतेय ते स्पोर्ट्‌स इंटरअॅक्टिव्ह या कंपनीला दिसत राहिलं. कंपनीचे प्रमुख माइल्स जेकबसन यांनी त्याच वर्षी आकडा जाहीर केला: १ कोटी १ लाख बेकायदा डाउनलोड. एकट्या चीनमधून ३२ लाख. एक तर चक्क व्हॅटिकनमधून. एरवी असा आकडा हाती आला की कंपन्या त्याला गेमच्या किमतीनं गुणतात आणि अब्जावधींचं नुकसान झाल्याचं सांगतात. जेकबसन यांनी तसं केलं नाही. त्यांच्या हिशेबात त्यातल्या फक्त १.७४ टक्के लोकांनी गेम विकत घेतला असता.

म्हणजे ९८ टक्क्यांहून जास्त लोकांबद्दल फिरता मजकूर बरोबर आहे. पण उरलेल्या १.७४ टक्क्यांचे होतात सुमारे १ लाख ७६ हजार ग्राहक. एका स्टुडिओसाठी ही किरकोळ बाब नव्हे. 'बहुतेकांनी घेतला नसता' आणि 'कुणीच घेतला नसता' यांतलं अंतर एवढं मोठं आहे. आकडा कंपनीच्या माणसाचा आहे, तेव्हा तो तपासूनच घ्यावा, पण स्वतःच्या बाजूला फुगवलेला मात्र वाटत नाही.

इथे कुणी युरोपीय आयोगाचा अहवाल पुढे करेल. आयोगानं करून घेतलेला आणि २०१७ मध्ये लोकांसमोर आलेला तो अभ्यास सांगतो की पायरसीमुळे गेमची विक्री घटल्याचा ठोस पुरावा नाही, उलट थोडी वाढच दिसते. अहवाल खरा आहे. पण तो लोक एकंदर किती गेम चोरतात आणि किती घेतात याबद्दल बोलतो. पहिल्याच आठवड्यात क्रॅक झालेल्या, वर्षभरात शिळ्या होणाऱ्या एका विशिष्ट गेमचं काय होतं, हा त्याचा प्रश्नच नव्हता.

"कमाई सगळी ऑनलाइन." काहींची होते. ईएच्या २०२१ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात अल्टिमेट टीमनं, म्हणजे पैसे देऊन खेळाडूंचे पॅक घ्यायच्या ऑनलाइन मोडनं, १.६२ अब्ज डॉलर आणले, कंपनीच्या एकूण उत्पन्नाच्या २९ टक्के. ही तिजोरी सर्व्हरवर असल्यानं क्रॅक करून तिच्यात हात घालता येत नाही. कोनामीनं २०२१ मध्ये ई-फुटबॉल फुकटच करून टाकला, तिथे चोरायला काही उरलं नाही. पण फुटबॉल मॅनेजरसारखा गेम मुख्यतः एकट्यानं, ऑफलाइन खेळला जातो. त्याच्या मागे पॅक विकणारं दुकान नाही. पहिल्यांदा मोजलेली किंमत हीच जवळपास सगळी मिळकत. ऑनलाइन कमाईचा हा युक्तिवाद सगळ्यांवर ताणला तर जे लोकांना पॅकच्या नादी लावत नाहीत त्यांनाच उघड्यावर सोडल्यासारखं होतं. ज्या प्रकारचे गेम आपल्याला हवे असतात, नेमके तेच.

आता त्या मजकुरात नसलेला मुद्दा.

नोव्हेंबर २०२१. इंटेलचे बाराव्या पिढीचे प्रोसेसर आले, ज्यांत ताकदवान आणि काटकसरी असे दोन प्रकारचे कोर होते. काही डीआरएमना, म्हणजे डेनुवोसारख्या कुलपांना, वाटलं की हे दोन वेगवेगळे संगणक आहेत. इंटेलनं न चालणाऱ्या गेमची यादी काढली, तिच्यात फुटबॉल मॅनेजरच्या जुन्या आवृत्त्या होत्या. तोडगा काय, तर बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या मुळातल्या सेटिंगमध्ये, एक पर्याय चालू करायचा आणि कीबोर्डवरची स्क्रोल लॉक दाबून काटकसरी कोर निजवायचे. नवा प्रोसेसर घेतलेल्या माणसानं अर्धा प्रोसेसर झोपवून गेम खेळायचा! पुढच्या काही आठवड्यांत पॅच आले, पण आले म्हणून निभावलं. त्याच महिन्यात डेनुवोच्या एका डोमेनची मुदत संपली आणि गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सीसारखे विकत घेतलेले गेम काही तास उघडेनात. गेममध्ये बिघाड नव्हता. कुणीतरी डोमेनचं नूतनीकरण विसरलं होतं.

हा त्रास पहिल्या १२ आठवड्यांतल्या फ्रेमरेटचा नाही. गेम जुना झाल्यावर, त्याकडे बघायला कुणी उरलं नसताना, कुलूप तसंच लटकत राहतं त्याचा आहे. नवा पीसी घेतला की डेनुवोला पुन्हा सर्व्हरकडून परवाना आणावा लागतो. तो सर्व्हर दहा वर्षांनी असेलच याची हमी कुणी दिलेली नाही. कुलूप काढता येत नाही अशातलाही भाग नाही. डूममधून ते २०१६ मध्येच, गेम आला त्याच वर्षी काढलं. कॅपकॉमनं व्हिलेजमधून २०२३ मध्ये काढलं.

खेळांच्या गेमबाबत तर याला तारीख आपोआप मिळते. जेकबसन यांचा क्रॅक सहा महिन्यांनी आलेला होता आणि तरीही त्यांना नुकसान दिसलं, त्यामुळे मी १२ आठवड्यांवर अडून बसणार नाही. पूर्ण मोसम घ्या. पुढची आवृत्ती दुकानात येईपर्यंत कुलूप ठेवा. त्यानंतरही ते का ठेवायचं, हे कंपन्यांना विचारा. सप्टेंबर २०२३ मध्ये, ईए स्पोर्ट्‌स एफसी २४ येण्याआधी, ईएनं फिफा १४ ते फिफा २३ हे सगळे गेम डिजिटल दुकानांतून काढून घेतले. पैसे हातात घेऊन उभा राहिलात तरी तिथे ते मिळत नाहीत. फिफा १५ चं कुलूप आज कुठली विक्री वाचवतंय?