वडे भाषणानंतर

माझा पंचवीस डॉलरचा चेक यजमानांनी दोन बोटांत धरला, उलटून पाहिला आणि म्हणाले, "असू दे, असू दे." लग्नात कुणी स्टीलची वाटी दिली की म्हणतात, त्याच सुरात. ते 'असू दे' अजून कानात आहे.

"रविवारी नुसते वडे खायला या," एवढंच निमंत्रण होतं. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या त्या घराच्या मागच्या अंगणात पोचलो, तर वड्यांचा ट्रे चंदेरी कागदाखाली आणि शेजारी नावं लिहून घ्यायचं टेबल. वडे भाषणानंतर. भाषण ओबामांना पुन्हा निवडून आणण्याबद्दल. मतदान 6 नोव्हेंबर 2012 ला, तेव्हा कुठे 2011 चा जून चालू होता.

भाषण सुरळीत पार पडलंही असतं, पण शेजाऱ्यांचे वडील सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेले आणि तेही वड्यांसाठी आले होते. काका निवृत्त मुख्याध्यापक. हयातभर इलेक्शन ड्यूटी केलेली, त्यातही केंद्राध्यक्ष म्हणून. हात वर करून त्यांनी विचारलं, "समोर उमेदवार कोण आहे?"

"अजून ठरायचाय, काका."

"आणि यांच्या पक्षातून?"

"कुणीच नाही."

"म्हणजे आखाड्यात एकटाच शड्डू ठोकतोय. आचारसंहिता कधी लागणार?"

यजमानांनी समजावलं की इथे तसलं काही नसतं. 4 एप्रिलला उमेदवारी जाहीर झाली, शिकागोला कचेरी उघडली, आता पैसा जमवायचा. काकांचा चेहरा पडला. "सरकारी विमानानं प्रचाराला जातात?" जातात, प्रचाराच्या खात्यातून थोडे पैसे भरतात, बाकीचं सरकारवर. "अहो, आमच्याकडे सभेचं व्यासपीठ सरकारी माणसांनी बांधलं, हेसुद्धा एक कारण धरून 1975 साली अलाहाबाद कोर्टानं पंतप्रधानांची निवडणूक रद्द केली!" त्यापुढे काय झालं ते काकांनी सांगितलं नाही. वडे निवत होते, मीही विचारलं नाही.

मग आकड्यांची पाळी आली. तेव्हा एका माणसाला जास्तीत जास्त पाच हजार डॉलर देता येत : अडीच हजार पक्षांतर्गत फेरीसाठी, अडीच हजार मुख्य निवडणुकीसाठी. पक्षात विरोधक नसला तरी पहिले अडीच चालतात. शिवाय पक्षाच्या राष्ट्रीय समितीला 30,800. म्हणूनच बड्या लोकांच्या जेवणाचं ताट 35,800 ला पडायचं. काकांनी पेपर नॅपकिनवर गुणाकार मांडला. "सोळा लाख रुपये! लोकसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा आत्ताच चाळीस लाख केलीय. अडीच ताटांत आमचा खासदार निवडून येतो."

"कागदावर," मी म्हणालो.

"कागदावरच म्हणतोय. आणि आमच्याकडे उमेदवार मतदाराला जेवू घालतो. इथे मतदारच पैसे मोजून जेवायला जातो?"

एवढं बोलून काकांनी पाकीट काढलं आणि एक्कावन्न डॉलर टेबलावर ठेवले. शुभकार्य आहे, रिकाम्या हातानं कसं यायचं! पावती हवी, म्हणाले. यजमान दचकून मागे सरले. पाहुण्या व्हिसावरच्या परदेशी माणसाचा एक पैसाही चालत नाही, गुन्हा आहे. "मग यांच्या नावानं टाका," म्हणून काकांनी नोटा माझ्या खिशात कोंबल्या. तोही गुन्हा! सगळं अंगण माझ्याकडे पाहू लागलं. नोटा परत करताना काका दुखावले ते वेगळंच.

त्या गडबडीत यजमानांना माझी आठवण झाली. मी म्हटलं, ग्रीनकार्डवाला आहे, मला मत नाही. "मत नसलं म्हणून काय झालं? देणगी चालते की!" हे त्यांनी इतक्या प्रेमानं सांगितलं की मला चेकबुक काढावं लागलं. फॉर्मवर पत्ता, धंदा, मालकाचं नाव. कर कापून घेताना कुणी माझं मत विचारत नाही, देणगी घेतानाही विचारणार नाहीत, पण ई-मेल मात्र हवा. मग रोज सकाळी राष्ट्राध्यक्ष, त्यांची पत्नी आणि शिकागोतला कुणी जिम मला पहिल्या नावानं हाक मारून आणखी थोडे मागू लागले. मराठी मंडळाच्या गणपतीची वर्गणीसुद्धा वर्षातून एकदाच मागतात हो, आणि ती देऊन प्रसाद तरी गरम मिळतो.

काकांनी वडे तीन खाल्ले. म्हणाले, मीठ कमी आहे.