नाण्यांचे सोवळे-ओवळे

आपण नाणी जमवता आणि नाण्यांचा खरेपणा व दर्जा ठरवणाऱ्या एखाद्या नामवंत ग्रेडिंग कंपनीने सीलबंद डबीत बसवलेले, पण चिठ्ठीवर काहीतरी शेरा असलेले नाणे घ्यावे की नाही, या विवंचनेत आपण सध्या आहात, असे समजले. विवंचना सोडून द्यावी आणि खुशाल घ्यावे. फक्त चिठ्ठी वाचताना थोडा संयम पाळावा. वर्ष, टांकसाळीचे चिन्ह आणि 'एक्सएफ' ('एक्स्ट्रीमली फाइन', म्हणजे झीज थोडीच) ही अक्षरे दिसली की नजर तेथेच थांबवावी. त्यापुढे 'डिटेल्स' असा एक शब्द असतो आणि त्याच्या आसपास 'क्लीन्ड', 'स्क्रॅच्ड' किंवा 'एन्व्हायर्नमेंटल डॅमेज' असे काहीबाही छापलेले असते. ते वाचल्याने मनाला उगाच घोर लागतो. छायाचित्र काढताना ज्या विक्रेत्याने नेमका त्या शब्दावर अंगठा ठेवला, त्याने आपल्या मनःस्वास्थ्याचीच काळजी वाहिली, असे मानावे.

मग भावपुस्तिका उघडून एक्सएफच्या रकान्यातला आकडा निमूटपणे मोजावा. तो आकडा निर्दोष नाण्यासाठी असतो, अशी कुरकुर काही चिकित्सक करतात. 'डिटेल्स' याचा अर्थ एवढाच की नाण्याची झीज एक्सएफइतकीच आहे, पण पृष्ठभागाला कोणीतरी हात घातलेला असल्यामुळे त्याला दर्जाचा अंक देता येत नाही, असेही ते सांगतात. पण ज्याला कंपनीने अंक नाकारला, त्याला आपण आपल्या खिशातून तो बहाल करावा, यातच खरे औदार्य आहे.

ही सोय पूर्वी नव्हती. पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकेतल्या दोन ग्रेडिंग कंपन्या अनुक्रमे १९८५ आणि १९८७ मध्ये सुरू झाल्या. तेव्हा घासलेले, कोरलेले किंवा डागळलेले नाणे डबीविनाच, साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून परत येत असे. व्यापारी तिला 'बॉडी बॅग' म्हणत, म्हणजे प्रेत गुंडाळायची पिशवी. पुढे या मृतांनाही डबी मिळू लागली. डबीत बसल्यावर ते मृत आहेत की निद्रिस्त, हे लांबून कळत नाही, आणि आपण लांबूनच पाहणार आहोत.

अंकांचीही कथा मनोरंजक आहे. १ ते ७० ही मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली. ७० दर्जाच्या सेंटची किंमत १ दर्जाच्या सेंटच्या ७० पट असावी, असा तिचा साधा हिशेब होता. तो हिशेब केव्हाच कोलमडला, पट्टी मात्र साऱ्या नाण्यांना लागू झाली. (याच शेल्डन यांनी अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील उत्तम सेंट उचलून त्यांच्या जागी हलके सेंट ठेवल्याचे त्यांच्या मृत्यूनंतर उघडकीस आले. नाण्याचा दर्जा ओळखण्याची त्यांची पात्रता त्यावरून निर्विवाद ठरते.)

आता सोवळ्या-ओवळ्याचा प्रश्न. आपण घरी टूथपेस्ट लावून नाणे चमकवले, तर ते 'क्लीनिंग' आणि नाणे बाटले. तज्ज्ञाने शुल्क घेऊन त्यावरचा थर उतरवला, तर ते 'कॉन्झर्व्हेशन' आणि नाणे पुनीत झाले. यात केवळ पावतीचाच फरक आहे, असे मी म्हणणार नाही, कारण फरक खरोखरच आहे. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात वर्षानुवर्षे राहिलेल्या नाण्यावर हिरवट, चिकट लेप चढतो आणि तो हळूहळू धातू खातो. शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून तो वेळीच काढला तर धातूला काही होत नाही. उलट न काढणे हाच गुन्हा ठरतो. चांदीवरचा काळा थर ही वेगळी गोष्ट आहे. तो चांदीच्या सल्फाइडचा असतो, म्हणजे चांदीच त्या थरात गेलेली असते. आम्लयुक्त थायोयुरियाच्या द्रावणात नाणे बुडवले की थर जातो आणि त्याच्याबरोबर पृष्ठभागही कणभर जातो. नाणे ठोकताना धातू बाहेरच्या दिशेने वाहतो आणि त्याच्या ज्या अतिसूक्ष्म रेषा उरतात, त्यांच्यामुळेच नवे नाणे दिव्याखाली तिरके करताना त्यावर प्रकाशाचे आरे चाकासारखे फिरतात. एकदा बुडवल्याने ते बहुधा टिकतात. चार मालकांनी चार वेळा बुडवले की नाणे पांढरेफटक होते आणि चाक फिरायचे थांबते.

म्हणून आपण असे करावे की 'क्लीन्ड' शब्द दिसला की नाक मुरडावे आणि अंक दिसला की निःशंक व्हावे. ज्या नाण्याची आंघोळ बेताने उरकली, त्याला अंक मिळतो आणि त्याच्या चिठ्ठीवर आंघोळीचा उल्लेख सहसा नसतो. ज्याची आंघोळ ओबडधोबड झाली, त्याच्या कपाळी तो शब्द येतो. म्हणजे दोघांपैकी खरे बोलणारी चिठ्ठी कोणाची, हा प्रश्न अडचणीचा आहे आणि म्हणूनच तो विचारू नये.

दोष कशाला म्हणायचे, याबाबतही आपण फार काटेकोर राहू नये, कारण बाजारही नसतो. खाऱ्या पाण्याने खाल्लेली, पृष्ठभाग खरखरीत झालेली चांदीची नाणी १७८४ मध्ये बुडालेल्या एल काझाडोर जहाजातून वर आली, तेव्हा एनजीसीच्या चिठ्ठीवर 'शिपरेक इफेक्ट' असे शब्द आले. तेवढेच खाल्लेले नाणे शेतातल्या मातीत सापडले असते, तर त्याच्या नशिबी 'एन्व्हायर्नमेंटल डॅमेज' आले असते. तेव्हा गंजायचेच असेल, तर नाण्याने नावाजलेल्या जहाजातून जाऊन गंजावे. अमेरिकेच्या ट्रेड डॉलरवर चिनी व्यापाऱ्यांनी चांदी पारखून मारलेले ठसे असले, तरी पीसीजीएस त्याला अंक देते. तसाच ठसा दुसऱ्या एखाद्या नाण्यावर कोणी हौसेने मारला, तर तो दोष होतो. भोक बुजवलेले नाणे कोणी दारात उभे करत नाही. मात्र १७९४ चा जो डॉलर २०१३ मध्ये १ कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकला गेला, त्याच्या पोटात चांदीची गुळी बसवलेली आहे. वजन भरावे म्हणून टांकसाळीनेच ती ठोकण्यापूर्वी बसवली होती, एवढाच तपशिलाचा भेद आहे.

एका मंडळीपासून मात्र सावध राहावे. ही मंडळी 'डिटेल्स'ची नाणी मुद्दाम शोधतात, पण शब्द अन् शब्द वाचून. १९०९ चा सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचा 'व्हीडीबी' (रचनाकाराची आद्याक्षरे) असलेला सेंट केवळ ४,८४,००० निघाला आणि १९१६ चा डेन्व्हरचा डाइम, म्हणजे दहा सेंटचे नाणे, २,६४,०००. दोहोंवर टांकसाळीचे अक्षर मागाहून चिकटवलेले बनावट नमुने कायमच फिरत असतात. अशा वेळी हे लोक म्हणतात की डबीमुळे खरेपणाची तरी हमी मिळाली, घासलेपणाची किंमत वजा करून आम्ही संग्रहातली रिकामी जागा भरू आणि विकायची वेळ आली तर तेवढीच वजावट सोसू. इतका सरळ व्यवहार केला, तर छंदातली सारी धुंदीच जाईल.

आपल्याला धुंदी हवी असेल, तर मी घेतलेला मॉर्गन डॉलर, म्हणजे अमेरिकेचा जुना चांदीचा डॉलर, डोळ्यांपुढे ठेवावा. 'एयू डिटेल्स, क्लीन्ड' अशी त्याची चिठ्ठी होती; 'एयू' म्हणजे झीज जवळजवळ नाहीच. छायाचित्र समोरून, मंद उजेडात काढलेले होते आणि त्यात लिबर्टीचा गाल लोण्यासारखा मऊ दिसत होता. नाणे हाती आल्यावर एका उघड्या बल्बखाली तिरके केले, तर त्या गालावर कानापासून नाकापर्यंत केसाएवढ्या बारीक, एकाच दिशेने गेलेल्या शेकडो रेषा उजळून निघाल्या. फडके कोणत्या हाताने फिरले असेल, याचाही अंदाज करता यावा, इतक्या त्या शिस्तशीर होत्या. अक्षरांच्या कडांना, जेथे फडके पोहोचले नव्हते तेथे, जुना काळिमा तसाच होता. मी स्वतःची समजूत घातली की बल्बच वाईट आहे.

डबी फोडून नाणे पुन्हा पाठवावे, दुसरी कंपनी कदाचित अंक देईल, असे काहींनी सुचवले. दोन वेळा शुल्क भरले, दोन्ही वेळा तोच शब्द नव्या डबीत बसून परत आला. अखेर ज्याच्याकडून नाणे घेतले होते, त्याच्याकडेच ते विकायला नेले. विकताना 'चिठ्ठीवरचे बारीक अक्षर मला चष्म्याशिवाय दिसत नाही' असे सांगणाऱ्या या गृहस्थांनी डबी हातातही घेतली नाही. मी ती खिशातून अर्धीच बाहेर काढली होती, तेवढ्यात ते टेबलापलीकडून म्हणाले, "क्लीन्ड आहे ना ते? मग फक्त चांदीच्या वजनाचे पैसे मिळतील."