कढीपत्त्याची कुंडी देण्याआधी

मागच्या महिन्यात एका मैत्रिणीने कढीपत्त्याचं रोप मागितलं आणि फायर अँट नावाच्या मुंगीमुळे आयुष्यात पहिल्यांदा मी नाही म्हणाले. तिला वाईट वाटलं. म्हणून हे सविस्तर लिहितेय, तिच्यासाठी आणि ब्रिस्बेनच्या आसपास राहणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठी.

आम्ही ब्रिस्बेनला लागून असलेल्या लोगनच्या ग्रामीण पट्ट्यात राहतो. दोन एकर जागा, चार कोंबड्या, मागे ओढा. दोन वर्षांपूर्वी कुंपणाजवळ भुसभुशीत मातीचा ढीग दिसला, वर भोक कुठेच नाही. धाकट्याने त्यात काडी खुपसली आणि बघता बघता पंधरावीस मुंग्या त्याच्या पायावर. भाजल्यासारखा किंचाळत होता पोरगा. दुसऱ्या दिवशी प्रत्येक डंखावर पांढरी पुळी.

तीच ही फायर अँट. मूळची दक्षिण अमेरिकेतली, ब्रिस्बेनमध्ये २००१ साली सापडली. ग्लॅडस्टोनजवळच्या यारवुनमधून तिचा पूर्ण नायनाट झाला, आपल्या भागातून अजून नाही. २०२३ च्या शेवटी ती न्यू साउथ वेल्समध्ये मर्विलंबाला पोचली. मार्च २०२५ मध्ये, वादळानंतर, पुराच्या पाण्यावर एकमेकींना धरून तरंगणारे तिचे तांडे लोकांनी पाहिले.

आम्ही आधी उकळतं पाणी ओतलं. फार मोठी चूक. वरच्या मुंग्या मेल्या, राणी खोल राहिली आणि पंधरवड्यात चार पावलांवर नवा ढीग उभा. उपयोग होतो तो आमिषाचा. सोयातेलात भिजवलेली मक्याची भरड, तिच्यात औषध. कामकरी मुंग्या ती स्वतःच आत नेऊन भरवतात, राणीची प्रजा वाढणं थांबतं आणि काही आठवड्यांत, कधी महिन्यांत, घरटं संपतं. जमीन मात्र कोरडी हवी. पाऊस येणार असेल तर टाकू नका.

माझी आजी वारुळापाशी रोज चिमूटभर पीठ टाकायची, मुंगीच्या पोटालाही लागतं म्हणायची. हातात आमिषाचा डबा घेतला तेव्हा मला तीच आठवली, आणि खरंच जड गेलं. पण आजीच्या मुंग्या तिथल्या मातीतल्या होत्या. या इथे आल्या आणि जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांची पिल्लं, सरडे, इथल्या मूळच्या मुंग्या सगळं खात सुटल्या आहेत.

राणी उडून पाच किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. म्हणून एका घराने आमिष टाकून भागत नाही. आमच्या रस्त्यावरची सात घरं आता एकाच दिवशी टाकतात. आठवं घर तयार नाही. कोंबड्या आणि मधमाश्यांना अपाय होईल, ही त्यांची भीती मला खोटी वाटत नाही, मीही कोंबड्या पाळते. पण डब्यावर लिहिल्याप्रमाणे वापरलं तर आमच्या कोंबड्यांना काही झालेलं नाही, हे मी त्यांना तीनदा जाऊन सांगितलंय. चौथ्यांदाही जाईन.

आपल्या लोकांचं मला जास्त लागतं. घरटं दिसलं तरी गप्प बसणारे आहेत, जागेची किंमत उतरेल म्हणून. अहो, संशय आला तरी २४ तासांत कळवायचं, असा इथला कायदा आहे! नियंत्रण पट्ट्यात, म्हणजे जिथे ही मुंगी आटोक्यात ठेवायचं काम चालू आहे त्या भागात, राहणाऱ्यांना आमिष फुकट मिळतं. त्यात लाज कसली?

आणि कुंड्या. अळू, तुळस, कढीपत्ता आपण एकमेकांना किती प्रेमाने देतो. पण माती, पालापाचोळ्याचं खत, वाळलेलं गवत, शेणखत आणि कुंड्या यांच्यातूनच ही मुंगी माणसाच्या गाडीत बसून गावोगाव जाते. त्यांची ने-आण करायचे नियम आहेत, ते आधी वाचा. मैत्रिणीला मी ताज्या पानांची पिशवी भरून दिली. रोप तिने नर्सरीतून आणलं, तेही मुंग्यांबद्दल विचारून.

येत्या शनिवारी पाऊस नसेल तर सकाळी आठला आम्ही आमिष टाकणार आहोत. कसं टाकतात ते बघायचं असेल तर या. बंद बूट, लांब पँट आणि हातमोजे घालून या, आणि लहान मुलांना घरी ठेवा.