पुन्हा तोच मोर!

चौथीच्या वह्या उघडा, पंचवीस पोरांचा 'माझा आवडता पक्षी' एकच. मोर. पावसात पिसारा फुलवून नाचणारा, राष्ट्रीय पक्षी, कार्तिकेयाचं वाहन. अहो, यातल्या किती जणांनी मोर पाहिलाय? पण फळ्यावर तोच होता ना! उतरवा, पाठ करा, परीक्षेत ओका.

आमच्या शेजारच्या पोरीने साळुंकीवर लिहिलं. 'ती एसीच्या डब्यावर बसते, मांजर दिसलं की शिव्या घालते.' काय झकास वाक्य! बाईंनी 'शिव्या'खाली लाल रेघ ओढली, 'ऱ्हस्व-दीर्घ पहा' असं खरडलं आणि दहापैकी चार दिले. मोरवाल्यांना आठ. पुढच्या वेळी ती पोरगी काय लिहिणार, सांगायला नको.

बाईंनाही किती बोलणार म्हणा, वर्गात पन्नास पोरं, त्यात निवडणुकीची कामं. पण पालक? 'गाईड कुठलं घेऊ?' हाच पहिला प्रश्न.

सरकारने २०२३-२४ मध्ये पाठ्यपुस्तकांतच कोरी पानं जोडली होती, मुलांनी नोंदी कराव्यात म्हणून. जानेवारी २०२५ मध्ये निर्णय रद्द, कारण पानांचा हवा तसा उपयोगच होत नव्हता. होणार कसा? स्वतःचं काही लिहायचं असतं, हे त्या पोरांना कुणी सांगितलंच कुठे! आणि हस्ताक्षर स्पर्धेच्या ढाली मात्र ऑफिसात रांगेने मांडलेल्या. अक्षर मोत्यासारखं, मजकूर गाईडचा.