तिसऱ्या गिअरचा मुक्काम

डाव्या पायाला कायमची रजा मिळावी म्हणून मी ऑटोमॅटिक गाडी घेतली. सेकंडहँड. मे महिन्यात, भर दुपारी, नाशिकच्या द्वारका चौकात तिने ठरवलं की यापुढे फक्त तिसरा गिअर. सिग्नल सुटला, मागून हॉर्नचा कल्लोळ, आणि आमची बाई पंगतीतून उठणाऱ्या आत्याबाईंसारखी गुडघ्यावर हात ठेवून उठतेय. याला लिम्प मोड म्हणतात. सोलेनॉइडच्या (म्हणजे तारेच्या कॉइलवर चालणाऱ्या, गिअर बदलणाऱ्या व्हॉल्व्हच्या) विजेत घोटाळा दिसला की गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर एकाच गिअरवर तुम्हाला कसंबसं घरी पोचवतो.

गॅरेजवाल्याच्या स्कॅनरवर पी०७५३ उमटलं. शिफ्ट सोलेनॉइड ए, इलेक्ट्रिकल. "गिअरबॉक्स उतरवावा लागेल," म्हणून त्याने आकडा सांगितला. तो ऐकून मी तिसऱ्यातच घरी आलो.

समोरचे काका सातपूरच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते. रिटायर झाले, पण व्होल्ट, ओहम (म्हणजे विजेचा रोध) मोजणारा मल्टिमीटर रिटायर केला नाही. "आधी ओहम बघू रे!"

बॅटरीची निगेटिव्ह काढली, एअर फिल्टरचा डबा उचलला, सोलेनॉइडचं सॉकेट सोडवलं. मी मल्टिमीटरच्या पिना टेकवल्या. शून्य! "कॉइल शॉर्ट," मी गंभीरपणे जाहीर केलं. काकांनी न बोलता नॉब व्होल्टवरून २०० ओहमवर आणला.

१५.९.

मॅन्युअलमध्ये ११ ते १५, तेही २० अंशाला. "गेला," मी म्हटलं. काकांनी दोन्ही पिना एकमेकींना टेकवल्या. ०.४. "हा वायरींचा स्वतःचा. वजा कर. राहिले १५.५. आता बॉनेटखाली किती असेल? ४५ अंश धर. तांब्याचा रोध अंशाला ०.४ टक्क्याने चढतो. पंचवीस अंशांना दहा टक्के. म्हणजे मूळचे चौदाच्या आसपास. पास!"

दहावीला गणिताच्या पेपरवर असा परीक्षक मिळाला असता तर आज मीही स्वतःची गाडी ड्रायव्हरकडून चालवून घेतली असती.

कॉइल ठीक, मग कोड का? (कॉइल ठीक म्हणजे सोलेनॉइड ठीक असंही नाही. आतला व्हॉल्व्ह चिकटलेला असला तरी ओहम बरोबरच येतात. नाडी लागते, पण माणूस उठत नाही. आमच्या घरी रविवारी सकाळी असंच असतं.) काकांनी वायरिंगकडचं सॉकेट उन्हात धरलं. एक पिन हिरवीगार, देवघरातल्या न घासलेल्या ताम्हनासारखी.

"इथे पाणी कुठून आलं?"

"दिवाळीला ह्यांनीच बॉनेटमध्ये पाइप मारला होता," गॅलरीतून ही. एवढ्या वरून पिन दिसत नाही, माझी चूक दिसते.

क्लीनरचा फवारा मारला, घासलं, सॉकेट टक्कन बसवलं. गाडीने मुकाट्याने पहिला घेतला, दुसरा घेतला. गंगापूर रोडला मिसळ खायला निघालो आणि मी ऐटीत रेडिओ लावला. बॅटरी काढली होती ना, तो चालू व्हायला स्वतःचा गुप्त कोड मागू लागला. कोड कार्डवर असतो. कार्ड पहिल्या मालकाकडे, आणि पहिला मालक मालेगावला.

मागच्या सीटवरून काका म्हणाले, "जाताना मल्टिमीटर घेऊन जा."